मधली वर्षं

(दृश्य: सकाळची सीताबर्डी. दुकानांची शटरं वर जात आहेत.)

१९६७ साल. नागपुरात राहणारे दोन तरुण त्या वर्षी मराठी वाचकांपुढे आले. माणिक गोडघाटे तेव्हा तिशीत होते. 'ग्रेस' या नावानं त्यांचा पहिला संग्रह निघाला, 'संध्याकाळच्या कविता'. महेश एलकुंचवार त्यांच्याहून दोनेक वर्षांनी लहान. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात छापून आली.

यापुढची गोष्ट सहसा पुरस्कारांवरून सांगितली जाते. आपण मात्र मधल्या वर्षांकडे बघू या. या शहरात आज कविता लिहिणाऱ्या, एकांकिका बसवणाऱ्या पोरापोरींना त्या वर्षांबद्दल कुणी फारसं सांगत नाही.

(दृश्य: मॉरिस कॉलेजची जुनी इमारत.)

ग्रेस इथे मराठी शिकवायचे. दुसऱ्यांच्या कविता उलगडून सांगणं हे त्यांचं रोजचं काम. स्वतःच्या कवितेवर मात्र 'दुर्बोध' असा शिक्का लवकरच बसला, आणि तो कायम राहिला. तक्रार ऐकून कविता सोपी करून द्यावी, असं त्यांनी कधी केलं नाही. हृदयनाथ मंगेशकरांनी त्यातल्या काहींना चाली दिल्या आणि 'कळत नाही' म्हणणारेही त्या गुणगुणू लागले.

१९७७ च्या 'चंद्रमाधवीचे प्रदेश'नंतरचा कवितासंग्रह आला तो थेट १९९५ मध्ये. अठरा वर्षांनी! आज अठरा दिवस काही पोस्ट केलं नाही तर आपल्याला विसरतील, अशी धास्ती वाटते. ग्रेस मधल्या काळात ललितलेखन करत होते, लेखणी खाली ठेवलेली नव्हती. साहित्य अकादमीचा पुरस्कार २०११ सालचा, पहिल्या संग्रहानंतर ४४ वर्षांनी. तोही कवितेला नाही, 'वाऱ्याने हलते रान' या ललितलेखसंग्रहाला. २६ मार्च २०१२ रोजी ते गेले.

मला त्यांचं मोठेपण त्या पुरस्कारापेक्षा या हट्टात दिसतं. लोकांना लवकर कळावं म्हणून त्यांनी आपली भाषा बदलली नाही.

(दृश्य: रेशीमबाग. कविवर्य सुरेश भट सभागृह.)

सुरेश भट जन्मानं अमरावतीचे, पण पुढे नागपूरचे झाले. 'रूपगंधा' १९६१ चा, त्यानंतरचा 'रंग माझा वेगळा' १९७४ चा. गझल मराठीत रुजवायची तर एकट्यानं लिहून भागणार नव्हतं. म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली, नव्या कवींना पत्रं लिहिली, काफिया-रदीफ, म्हणजे गझलेतलं यमक आणि त्यापुढे दरवेळी येणारे तेच शब्द, समजावून सांगितले. नवख्याची कच्ची ओळ न कंटाळता वाचायची, तीही स्वतःचं लिहायचं शिल्लक असताना! माझ्या लेखी हे फार मोठं काम आहे.

(दृश्य: महाल भाग. चितार ओळ. बाहेर पावसाची झड.)

इथे गणपती घडतात. पावसाळी हवेत माती वाळता वाळत नाही. घाईनं वाळवली तर तडे जातात. आत ओल राहिली आणि वर रंग चढवला, तर रंग धरत नाही. म्हणून सावलीत वाळू द्यायची, भेगा ओल्या मातीनं बुजवायच्या, परत वाळू द्यायची. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी.

आणि चतुर्थी कुणासाठी पुढे सरकत नाही. 'मूड आला की करू' ही सोय या ओळीत कुणालाच नाही. ज्याला भादव्यात मूर्ती द्यायची आहे, तो कितीतरी आधीपासून मातीत हात घालून बसतो. धीराच्या नावाखाली आपण जी चालढकल करतो, ती इथे एक दिवसही चालणार नाही.

(दृश्य: रिकामं नाट्यगृह. रंगमंचावर एकच दिवा.)

आता एलकुंचवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारवा गावाहून शिकायला नागपुरात आलेला मुलगा. एकदा सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते नाटकाला गेले. तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!', दिग्दर्शन विजया मेहतांचं. दुसऱ्या दिवशी तेच नाटक पुन्हा पाहिलं, आणि आपण नाटक लिहायचं हे ठरलं.

ठरलं, तरी ते लगेच लिहायला बसले नाहीत. आधी वर्षभर नाटकं वाचली. मला हे वर्ष फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा फोटो नाही, प्रमाणपत्र नाही, 'काय करतोस?' या प्रश्नाला सांगण्यासारखं उत्तरही नाही.

पुढे नागपुरातच, धरमपेठेतल्या कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता लेखन चालू राहिलं. १९८५ मध्ये 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आलं. धरणगावकर देशपांड्यांचा खचत चाललेला वाडा लोकांनी आपला मानला. त्याच यशावर दुसरा भाग पुढच्याच हंगामात सहज काढता आला असता. एलकुंचवारांनी तसं केलं नाही. 'मग्न तळ्याकाठी'त तेच कुटुंब दहा वर्षांनी भेटतं, 'युगान्त'मध्ये आणखी दहा वर्षांनी. पहिल्या नाटकात तरुण असलेला पराग तिसऱ्यापर्यंत पोक्त होतो. माणसं अशी वयानं वाढवायची, तर लिहिणाऱ्यालाही तेवढं जगावं लागतं.

१९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ही तिन्ही नाटकं सलग रंगमंचावर आणली. प्रयोग नऊ तासांच्या आसपास चालायचा, आणि प्रेक्षक तो बसून बघायचे.