ठरलेलं हवं, तेच ते नको

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: भिंतीवरची पांढरी पाटी. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं कठीण जाणारी अवस्था) दोन्ही असलेल्या प्रौढाच्या घरात, बाहेर पडायच्या दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर ही पाटी लावली आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार रकाने आणि प्रत्येकात चुंबकाच्या पट्ट्या. घड्याळाची वेळ कुठेच लिहिलेली नाही, आणि ते मुद्दाम आहे. वेळ लिहिली की ती चुकते. एकदा चुकली की अख्खा दिवस हातचा गेला असं वाटतं आणि मग पाटीकडे बघणंच बंद होतं. क्रम मात्र पक्का. सकाळच्या रकान्यात पाणी, खाणं, औषध, आंघोळ. त्याखालची पाचवी जागा रिकामी. तिथली पट्टी रोज खालच्या डबीतून निवडायची: दहा मिनिटं वाद्य, झाडांना पाणी, नकाशे चाळणं, नव्या रस्त्याने एक फेरी. डबीत आठ-दहाच पट्ट्या ठेवाव्यात. जास्त ठेवल्या तर निवडण्यातच सकाळ जाते.

ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या प्रौढाच्या दिवसाची मेख या पाचव्या जागेत आहे. ऑटिझमला दिवस ओळखीचा लागतो. पुढे काय येणार हे ठाऊक नसलं, तर साधं कामही अंगावर येतं. एडीएचडीचं नेमकं उलटं. जे रोजचं झालं, त्याकडे लक्षच जात नाही. म्हणून फक्त ऑटिझम डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं कडक वेळापत्रक काही आठवड्यांत कोलमडतं, आणि फक्त एडीएचडीसाठी दिलेला 'सतत काहीतरी नवं करत राहा' हा सल्ला माणसाला पार थकवून टाकतो. चौकट पक्की आणि आतला ऐवज बदलता, अशी मांडणी केली तरच दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. पुढे दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक गोष्टीत हेच आहे.

[दृश्य: हात पाटी उलटी करतो. मागे फक्त तीन पट्ट्या.]

ही मागची बाजू वाईट दिवसासाठी. पाणी, खाणं, औषध. एवढंच. पाटी कधी उलटायची हे आधीच लिहून ठेवलेलं आहे: रात्रीची झोप फार कमी झाली असेल, किंवा आदल्या दिवशी गर्दीत बराच वेळ गेला असेल तर. ऐन वेळी ठरवायला गेलं तर माणूस स्वतःशी वाद घालत बसतो आणि त्यातच उरलीसुरली ताकद संपते.

[दृश्य: ग्रंथालयातलं कपाट. निदानाच्या नियमावलीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचे कणे.]

आपल्यात दोन्ही आहे हे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना इतक्या उशिरा का कळतंय, त्याचं उत्तर या कपाटात आहे. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची मांडणी केली १९४३ साली. हान्स अ‍ॅस्परगर यांचा याच विषयावरचा निबंध आला १९४४ मध्ये. पुढे निदानाचे नियम पक्के होत गेले, तशा ऑटिझम आणि एडीएचडी या दोन वाटा वेगळ्याच राहिल्या. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची नियमावली जगभर वापरली जाते. तिच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीतल्या कलमानुसार, ऑटिझमच्या गटातलं निदान असेल तर एडीएचडीचं निदान वेगळं द्यायचं नाही. म्हणजे एकाच माणसात दोन्ही आहे असं लिहायची डॉक्टरांना कागदावर सोयच नव्हती. हे कलम निघालं मे २०१३ मध्ये, पाचव्या आवृत्तीत. त्याच आवृत्तीत आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा अति किंवा फार कमी त्रास होणं हे ऑटिझमच्या निकषांत पहिल्यांदा आलं. प्रौढांसाठी एडीएचडीचा उंबरठाही थोडा खाली आला: वय १७ किंवा जास्त असेल तर नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी, पण त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी वर्गवारी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यातही दोन्ही निदानं एकत्र देता येतात.

२०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा ऑटिझम असलेल्यांपैकी साधारण २८ टक्क्यांना एडीएचडीही असल्याचं आढळलं. ज्याला जुने नियम अपवाद मानत होते, तो अपवाद नव्हताच.

शिवाय ही दोन एकमेकांना झाकतात. ऑटिझमच्या शिस्तीमुळे एडीएचडीचा पसारा बाहेर दिसत नाही. एडीएचडीच्या बोलकेपणामुळे समोरच्याला ऑटिझमची शंकाही येत नाही. म्हणून तपासणीला जाताना 'मी काय करतो' याच्या यादीबरोबर 'ते करायला मला काय काय करावं लागतं' याचीही यादी न्यावी. वेळेवर पोचतो, पण त्यासाठी दोन तास आधीपासून दुसरं काहीच करता येत नाही: निदानाच्या कामाची माहिती ही.

[दृश्य: मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा छताच्या दिव्याकडे. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात.]

हे पट्टे बघा. दिवा साध्या डोळ्यांना स्थिर दिसतोय. मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन लावला, की तो लुकलुकताना दिसतो. जुन्या पद्धतीच्या चोकवरची ट्यूब विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने लुकलुकते, म्हणजे ५० हर्ट्‌झला सेकंदाला १०० वेळा. काही एलईडी दिवेही तसेच. डिमर लावून प्रकाश कमी केला की काहींचं लुकलुकणं आणखी वाढतं, कारण ते दिवे प्रकाश मंद करत नाहीत, भराभर बंद-चालू होतात. बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. ज्याची इंद्रियं हे गाळू शकत नाहीत, त्याचं दुपारपर्यंत डोकं जड होतं, आणि कारण मात्र 'कामाचा कंटाळा' असं लिहिलं जातं.

उपाय माणसाकडून सुरू करू नका, दिव्याकडून करा. आधी खिडकीकडे कॅमेरा धरा. सूर्यप्रकाशात पट्टे दिसणार नाहीत, म्हणजे कॅमेरा ठीक आहे. मग घरातला एकेक दिवा तपासा. जो लुकलुकतो तो बदला, किंवा छताचा दिवा बंद ठेवून भिंतीकडे तोंड केलेला एक टेबलाचा दिवा लावा. तेवढा खर्चही नको असेल, तर बसायची जागा खिडकीपाशी हलवा.

[दृश्य: बोटांत फोमचं इअरप्लग वळलं जातंय. मग कान, अगदी जवळून.]

फोमचं इअरप्लग आधी बारीक वळायचं. दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. मग आत सरकवून, फुगेपर्यंत साधारण अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचं. न वळता नुसतं खुपसलं तर त्याचा उपयोग निम्माही होत नाही. फोम उंच पट्टीचे आवाज जास्त अडवतो, त्यामुळे माणसांचं बोलणं गढूळ ऐकू येतं. ज्यांना ऐकायचंही आहे आणि त्रासही नको आहे, त्यांच्यासाठी फिल्टर असलेले प्लग बरे. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच कमी करतात. आवाज रद्द करणारे हेडफोन पंख्याची, वाहनाची सलग घरघर छान काढतात. पण मागच्या टेबलावरच्या गप्पा त्यांच्यातूनही येतात, आणि हेडफोन खराब आहेत असं वाटून लोक ते परत करतात.

आता दुसरी बाजू. कान पूर्ण बंद केले की एडीएचडीचं लक्ष भटकायला लागतं. म्हणून गोंगाट अडवायचा आणि त्याच्या जागी आपल्या निवडीचा एक ओळखीचा आवाज हलका लावायचा: एकच धून पुन्हापुन्हा, किंवा पावसासारखा सलग आवाज. दिवसभर, शांत खोलीतही प्लग घालून बसू नये. कानाला शांततेची सवय लागली की नेहमीचे आवाजही जास्त टोचू लागतात.

[दृश्य: टेबलावर लाल तबकडीचं टायमर. लाल भाग हळूहळू आकसतो.]

या घड्याळात साठ मिनिटांची लाल तबकडी आहे. जसा वेळ जातो तसा लाल भाग कमी होतो. एडीएचडीमध्ये 'वीस मिनिटं' हा नुसता आकडा राहतो, तो अंगाला जाणवत नाही. इथे तो डोळ्यांना दिसतो. टायमर कामाच्या वस्तूच्या शेजारीच हवा. पाठीमागच्या भिंतीवर लावला तर त्याचा काही उपयोग नाही.

शेवटी कर्कश घंटा मात्र नको. डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर या अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडलं की ऑटिझममध्ये लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोल जातं. तिथून माणसाला एकदम ओढून काढलं तर तो दचकतो, चिडतो, आणि पुढचं कामही बुडतं. म्हणून सूचना दोन ठेवायच्या. पहिली दहा मिनिटं आधी, मनगटावर नुसती थरथर. दुसरी वेळ संपल्यावर.

[दृश्य: हात पिवळ्या चिठ्ठीवर लिहितो. चिठ्ठी वहीच्या पानावर चिकटते.]

मधल्या दहा मिनिटांत ही चिठ्ठी लिहायची. झालेलं काम तिच्यावर येत नाही. उद्या हात कुठे घालायचा ते येतं, आणि तेही हालचालीच्या भाषेत. 'अहवाल पूर्ण करणे' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून विचार. 'तिसऱ्या तक्त्यातली शेवटची ओळ तपास' लिहिलं तर सरळ सुरुवात. काम अर्धवट सोडण्याची घालमेल चिठ्ठीमुळे कमी होते, कारण डोक्याला धरून ठेवायला काही उरत नाही. काही आठवड्यांनी सूचनेची थरथर जाणवेनाशी होईल, हात आपोआप ती बंद करेल. तेव्हा तिची लय बदला, मनगट बदला. दोन सूचना आणि एक चिठ्ठी, हा क्रम बदलू नका.

अशा खोल एकाग्रतेत भूक, तहान, लघवीची जाणीवही हरवते. भूक लागेल तेव्हा खाऊ म्हटलं तर संध्याकाळ होते आणि मग चिडचिडीचं कारण सापडत नाही. त्यापेक्षा टायमर संपला की आधी पाण्याची बाटली उचलायची, तहान असो वा नसो.

[दृश्य: उघडं फडताळ, झाकण नसलेले पारदर्शक डबे. शेजारी बंद कपाट, दारावर आतल्या वस्तूंचे फोटो.]

नजरेआड गेलेली वस्तू एडीएचडीला नसल्यात जमा. पण सगळंच उघड्यावर मांडलं तर ऑटिझमच्या डोळ्यांना ती खोली ओरडत असल्यासारखी वाटते. म्हणून उघडं फडताळ एकच, आणि त्यावर फक्त या आठवड्यात लागणाऱ्या वस्तू. डब्यांना झाकण नाही. झाकण उघडणं ही वाढीव पायरी, आणि त्या एका पायरीपायी वस्तू डब्याऐवजी टेबलावर पडतात. बाकी सगळं बंद कपाटात, दारावर आतल्या सामानाचा फोटो.

[दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर दुसऱ्या घरातले हात, काहीतरी शिवताना. दोन्हीकडे शांतता. निवेदन थोडा वेळ थांबतं.]

दोघं वेगवेगळ्या घरांत आपापलं काम करतायत. सोबत असली की एडीएचडीला काम सुरू करता येतं. सोबत बोलायला लागली की ऑटिझम थकतो. म्हणून अटी आधी ठरतात: ५० मिनिटं, कॅमेरा हातांवर, चेहरा दाखवायचा नाही, माइक बंद, शेवटी दोन वाक्यं लिहून निरोप.

[दृश्य: गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा.]

औषधांबद्दल थोडं. एडीएचडीची औषधं ऑटिझम असलेल्यांनाही लागू पडतात, पण कमी जणांना, आणि त्रास जास्त होतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑटिझमच्या गटातल्या ७२ मुलांना मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध दिलं गेलं. ४९ टक्के मुलांना गुण आला, १८ टक्क्यांना दुष्परिणामांमुळे ते थांबवावं लागलं. म्हणून डॉक्टरांशी बोलून मात्रा अगदी कमी ठेवून सुरुवात करावी, सावकाश वाढवावी आणि रोज तीन नोंदी ठेवाव्यात: झोप, खाणं, आवाजाचा त्रास. तिसरी नोंद बहुतेक तक्त्यांत नसते, ती हाताने घाला. औषधाने डोक्यातली धावपळ शांत झाल्यावर ऑटिझमच्या गरजा जास्त ठळक दिसू लागतात, असं अनेक प्रौढ सांगतात. हे काही बिघडल्याचं लक्षण नाही. त्या गरजा आधीही होत्या.

चिंता, नैराश्य, आत्महत्येचे विचार आणि सुटलेल्या नोकऱ्या यांचं प्रमाण या लोकांमध्ये जास्त आहे. महिनोन्‌महिने न उतरणारा थकवा, पूर्वी जमणाऱ्या गोष्टी न जमणं आणि आवाज-प्रकाश अचानक सोसेनासे होणं, ही तिन्ही एकत्र दिसली तर त्याला आळस म्हणू नका.

[दृश्य: कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद. मोठी अक्षरं.]

हा कागद घरातल्या इतरांसाठी आहे. सगळं असह्य होऊन बोलणंच बंद पडलं, तर त्यांनी काय करायचं ते यावर लिहिलं आहे. शांत वेळी, दोघांनी मिळून. छताचा दिवा बंद. पंखा तसाच राहू द्या, कारण त्याचा आवाज ओळखीचा आहे. हात लावू नका. एकच वाक्य बोला, 'मी बाजूच्या खोलीत आहे', आणि खरंच तिथे बसा. 'काय झालं?' विचारू नका, त्या क्षणी उत्तर तयार नसतं. काही हवंय का हे विचारायचंच असेल तर 'पाणी' आणि 'नको' असे दोन शब्द लिहिलेलं कार्ड समोर ठेवा, बोटाने दाखवता येईल असं. बाकीचं बोलणं दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, आणि शक्यतो लिहून.