गच्चीवरून तारे

अंधार मिळत नाही म्हणून कॅमेरा कपाटात ठेवलेल्यांनी हात वर करा बघू. अर्धा हॉल, छान. माझं म्हणणं एवढंच, स्टार ट्रेलसाठी, म्हणजे ताऱ्यांच्या सरकण्याने फोटोत उमटणाऱ्या रेघांसाठी, हरिश्चंद्रगडच पाहिजे असं काही नाही, पुण्यातल्या गच्चीवरूनही होतात. आकाशगंगा नाही होणार, तिच्यासाठी पेंचला जा, २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं ठिकाण, झालंय ते, आपल्याच राज्यात, आणि आपण तिथे जाऊन वाघ शोधतो.

आता गच्ची म्हटलं की किल्ली आली. किल्ली सेक्रेटरींकडे, ते म्हणाले कमिटीला विचारतो, कमिटीत प्रश्न निघाला की हा माणूस रात्री दोन तास वर एकटा करतो काय. म्हटलं, काका, तारे. ते म्हणाले, ते तर रोजच असतात. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाहीये! बरं किल्ली मिळाली तर त्याच महिन्यात टाकीवर एलईडी फ्लडलाइट बसला, तोंड वर, चोर विमानातून उतरणार असल्यासारखं. हसताय काय, तुमच्याकडेही असेल. खर्च मेंटेनन्समधून, म्हणजे आभाळ बिघडवायचे पैसे मीच भरतोय. मी म्हटलं दिवा खाली वळवा, गच्चीवर उजेड जास्त पडेल, तर विचारतात तुम्ही इलेक्ट्रिशियन का? शेवटी कमिटीतल्याच एका आजोबांचा नातू शाळेच्या प्रोजेक्टसाठी वर आला, तेव्हापासून दिवा दहाला बंद होतो. तर्क नाही, नातू चालतो.

हां, चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. पटापट सांगतो.

शहरात तासाभराचं एकच एक्स्पोजर दिलंत, म्हणजे शटर तासभर उघडं ठेवलंत, तर आभाळ पांढरंफटक, कारण शहराचा उजेड प्रत्येक पिक्सेलवर तासभर साठत राहतो. तारा तसा थांबत नाही, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तो पुढे सरकतो. म्हणजे वेळ वाढवून तारा उजळत नाही, मागचं आभाळच उजळतं. म्हणून ३० सेकंदांचे १२० फोटो घ्या आणि स्टारस्टॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, फुकट आहे, लाइटन मोडवर जोडा. प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ पिक्सेल तेवढा राहतो, त्यामुळे आभाळ ३० सेकंदांचं आणि रेघ तासाभराची. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ४०० आणि लेन्सचं छिद्र एफ ४ पासून सुरू करा, फोकस मॅन्युअल, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ अडकून बसतो आणि रेघा तुटतात.

रेघांची गोल वर्तुळं ध्रुवाभोवती होतात, पण ध्रुव पुण्यातून जेमतेम साडेअठरा अंश वर, म्हणजे समोरच्या बिल्डिंगच्या मागे. त्यापेक्षा डिसेंबरात संध्याकाळी कॅमेरा पूर्वेला लावा, मृग नक्षत्र उगवतं. पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांच्या रेघा जवळजवळ सरळ, डावीकडच्या डावीकडे वळतात, उजवीकडच्या उजवीकडे, मृगातलाच काक्षी तारा नारिंगी आणि राजन्य निळसर, रंग शहरातूनही येतात.

विमान आलं तर ती फ्रेम काढू नका, रेघेत गॅप पडेल, फक्त विमानावर काळा ब्रश फिरवा, लाइटनमध्ये काळं दिसतच नाही. फोटोची फाइल रॉ ठेवायची की जेपेग ते बाहेर चहाला विचारा.