चिंगी, किल्ल्या आणि समोरचे आजोबा

नमस्कार श्रोतेहो. चिंगी ही आमची कुत्री. आमच्याकडे आली ती गेल्या श्रावणात. वडापावच्या गाडीखाली वाढलेली, पाय मोडला म्हणून निवाऱ्यात गेलेली आणि तिथून आमच्या घरी. रंग गुळासारखा. पहिले चार दिवस मी रजेवर होते, तर ही माझ्या मागेमागे पार न्हाणीघराच्या दारापर्यंत. आम्हाला वाटलं, काय लळा लागलाय!

पाचव्या दिवशी मी स्टुडिओत आले. संध्याकाळी दार उघडलं तर आतल्या बाजूचा सनमायका ओरबाडलेला, पायपुसणं ओलं, आणि माझी डावी कोल्हापुरी तिच्या अंथरुणात. चावलेली नव्हती, नुसती कुशीत घेतलेली. तेवढ्यात समोरचे आजोबा आले. "तुमची लेक दिवसभर हेल काढून रडत होती हो!"

मी विचार केला, हिला माझा आवाज हवाय ना? मग दुसऱ्या दिवशी माझंच एक भाषण, ओल्या कचऱ्याच्या खतावरचं, घरी लावून ठेवलं. संध्याकाळी आजोबा म्हणाले, "आज जास्त रडली. तुमचा आवाज आला की दाराकडे धावायची, तुम्ही काही दिसायचा नाहीत, मग आणखी मोठ्यानं." वीस वर्षं या माईकपुढे बसतेय, इतकं रोखठोक मत कुणी दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी लवकर परतले. जिन्यातूनच आवाज आला, "सोने, चोवीस कॅरेट..." आजोबा आमच्या बंद दारापुढे खुर्ची टाकून मोठ्यानं पेपर वाचत होते, आणि दाराखालच्या फटीत एक काळं, ओलं नाक. मी किल्ली काढली तर मान वर न करता म्हणाले, "थांबा, राशिभविष्य राहिलंय."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी ही ड्यूटी केली, म्हणून मला सराव घ्यायला सवड मिळाली. तर सराव असा. चिंगीची घाबरगुंडी मी बाहेर पडल्यावर नाही, मी किल्ल्या उचलल्यावरच सुरू व्हायची. म्हणून किल्ल्या उचलायच्या आणि परत खुर्चीत बसायचं. पर्स अडकवायची आणि भाजी निवडायची. ती किल्ल्यांकडे बघेनाशी झाली की दाराबाहेर अर्धा मिनिट. मग एक, मग पाच. ती घाबरायच्या आत परत यायचं. पुन्हा सांगते, घाबरायच्या आत. ती रडायला लागली तर आपण जास्त थांबलो असं समजायचं आणि उद्या वेळ कमी करायचा. जाताना "शोन्या, येते हं" असला निरोपसमारंभ नको.

आणि ओरडू नका, मारू नका. ती सूड उगवत नसते, घाबरलेली असते. घरी आल्यावर ओरडलं तर तिला एवढंच कळतं की तुम्ही येणं हेही भीतीचंच.

निघण्याआधी चांगला अर्धा तास फिरवून आणा, हुंगू द्या. एवढं करूनही लाळ गळणं, दाराशी नखं रक्ताळणं थांबत नसेल, तर जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. यावर औषधं आहेत, त्यात कमीपणा नाही.

जाता जाता एक. घरात सगळे मराठी बोलतात आणि कुत्र्याशी मात्र "सिट, कम हिअर"! वडापावच्या गाडीखाली कुठलं आलंय इंग्रजी? आमची चिंगी "बस" म्हटलं की बसते. आजोबांनी "बसा" म्हटलं तरी बसते.

आजोबा सध्या लेकीकडे नाशिकला गेलेत. चिंगी या घडीला घरी एकटी आहे. मघाशी मोबाइलवर पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाठ करून झोपली होती. घरातला रेडिओ मी आठवणीनं बंद करून आलेय.