जुनापाणीचे दगड हलवू नका

नमस्कार मंडळी. नागपूरहून काटोल रोडने निघालं की शहर संपता संपता जुनापाणी लागतं, तिथल्या माळावर काळ्या धोंड्यांची गोल रिंगणं आहेत, एक-दोन नाही, तीनशेच्या आसपास, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला काही म्हणजे काही वाटत नाही बरं का. गोलात मांडलेले धोंडे, मधे मुरूम-गोट्यांचा जरासा उंचवटा, त्यावर गवत. झालं. पण या उंचवट्यांखाली अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दफनं आहेत.

जुने लोक म्हणायचे हे गवळी राजांचं काम. रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये यावर लेख छापला, मग १९६१-६२ ला पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं नीट पद्धतशीर खणली. काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर निघाले. जवळच्या माहुरझरीला तर घोडाच पुरलेला सापडला, तोंडावर तांब्याचे दागिने घालून, आपण पोळ्याला बैल सजवतो ना, तसा! आणि जुनापाणीला गेलात तर धोंड्यांवर वाकून बघा, काहींवर छोटे गोल खळगे कोरलेत, ओळीने. ते कशासाठी, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालूच आहे.

आता मुद्दा. विदर्भात अशी वर्तुळं बरीचशी मुरमाड पडीक जमिनीवर असतात, कुठं गायरान, कुठं झुडपी जंगल. नांगर लागला नाही म्हणून टिकली. पण सगळ्यांची जागा म्हटलं की कोणीही येतो, एक मुरूम नेतो, दुसरा बांधाला चार धोंडे नेतो, आणि गुप्तधनवाले तर अमावस्येला लिंबू घेऊन हजर. अरे बाबा, हंडा नाहीये तिथं! मडक्याशेजारी कुऱ्हाड होती की हाडं होती, कुठल्या थरात होती, हेच खरं धन, आणि जेसीबीचं एक बकेट फिरलं की ते गेलं, मग कितीही मोठा शास्त्रज्ञ आणा.

केंद्राने संरक्षित केलेल्या जागेची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि संरक्षित हद्दीपासून १०० मीटरमधे नवं बांधकाम नाही. पण कित्येक वर्तुळांवर बोर्डच नाही. तुमच्या शिवारात असं रिंगण दिसलं तर काही उचलू नका, मोबाइलवर फोटो काढा, तलाठ्याला दाखवा, ग्रामसभेत विषय घ्या, आणि मुरमाचा ट्रॅक्टर तिकडं वळायच्या आधी घ्या.