खाणावळीतून निघालेला संप

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लॉवेल हे गाव पाण्यानं घडवलं, असं सांगतात आणि ते खरंही आहे. मेरिमॅक नदी तिथं पॉटकेटच्या धबधब्यापाशी ३२ फूट खाली उतरते. बॉस्टनच्या धनिकांनी १८२१ साली आसपासची शेतं विकत घ्यायला सुरुवात केली, होड्यांसाठी खणलेला जुना कालवा रुंद करून घेतला, आणि १८२३ मध्ये मेरिमॅक कंपनीच्या कापडगिरणीची चाकं फिरू लागली. पण पाणी फक्त चाक फिरवतं. मागासमोर उभं राहायला माणूस लागतो, आणि माणसंच तिथं नव्हती. आज मी बोलणार आहे ते या अडचणीबद्दल, कारण गावाची सगळी मांडणी तिच्यातून झाली.

ज्यांचं नाव गावाला १८२६ मध्ये मिळालं, ते फ्रान्सिस कॅबट लॉवेल १८१७ सालीच वारले होते. ते इंग्लंडच्या गिरण्या पाहून आले होते. यंत्रं देशाबाहेर न्यायला तिथं बंदी होती, म्हणून त्यांनी पाहिलेलं सगळं डोक्यात साठवून आणलं आणि पॉल मूडी या कुशल कारागिराच्या मदतीनं यंत्रमाग उभा केला. कापूस एका टोकाला आत जातो आणि दुसऱ्या टोकाला कापड बाहेर पडतं, अशी एका छपराखालची गिरणी १८१४ च्या सुमारास त्याच राज्यातल्या वॉल्थम गावी चालू झाली. लॉवेल गाव म्हणजे त्याच पद्धतीचा मोठा विस्तार.

आता माणसं कुठून आणायची? न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातल्या, शेतकऱ्याकडे स्वतःची जमीन होती. तो गिरणीत कशाला येईल? मग कंपन्यांनी त्याच्या मुलींकडे पाहिलं. त्या घरी सूत कातत, कापड विणत. गिरणीच्या स्वस्त कापडानं नेमकं तेच काम हिरावलं होतं. पण तरण्या मुलीला परक्या गावी एकटीला कोणता बाप धाडेल? म्हणून कंपनीनं गिरणीला लागून विटांच्या, जेवणाबरोबर राहण्याचीही सोय असलेल्या खाणावळींच्या रांगा बांधल्या. खाणावळ चालवायला बहुधा एखादी विधवा बाई नेमायची. रात्री दहाला दार बंद. रविवारी चर्चला जायचंच. कुणाचं वागणं खटकलं तर बाईनं कंपनीला कळवायचं. रीतसर दाखला न घेता काम सोडणाऱ्या मुलीला दुसरी गिरणीही दारात उभं करत नसे.

या व्यवस्थेला अनेकांनी दयाळूपणा म्हटलं आहे. मला ते पटत नाही. बापाचा विश्वास मिळवल्याशिवाय मजूर मिळत नव्हते, तेव्हा खाणावळ हा गिरणीच्या भांडवली खर्चाचाच भाग होता. तरीही मुली आनंदानं आल्या, हेही विसरू नये. हातात स्वतःचे पैसे, वाचनालय, संध्याकाळची व्याख्यानं हे शेतावर कुठून मिळणार? १८४० पासून तर त्या स्वतःचं मासिक लिहू लागल्या.

कामाचा दिवस मात्र घंटेवर चाले. आठवड्याचे तास ७० च्या वर जात. सूत तुटू नये म्हणून हवा दमट हवी, त्यासाठी खिडक्या घट्ट बंद. मागावर आडवं सूत घेऊन ये-जा करणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून, श्वासानं ओढून बाहेर काढायचं. त्या श्वासाबरोबर तंतू छातीत जात, आणि एकीनं तोंड लावलेला धोटा दुसरीच्याही तोंडाला लागे. गिरणीत पुस्तक आणायला बंदी होती, म्हणून मुली कवितांची कात्रणं खिडकीच्या चौकटीवर चिकटवून माग सांभाळता सांभाळता वाचत.

खाणावळीत एका खोलीत चार-सहा जणी, एका पलंगावर दोघी. दिवसभर यंत्रांच्या आवाजात जे बोलता येत नसे ते इथं बोललं जाई. १८३४ मध्ये मजुरी कापायचं ठरलं तेव्हा शेकडो मुली काम टाकून बाहेर पडल्या. तो संप फसला. १८३६ च्या ऑक्टोबरात खाणावळीचा खर्च मुलींवर वाढवण्यात आला आणि या वेळी हजाराहून जास्त जणी निघाल्या. हॅरिएट हॅन्सन तेव्हा अकरा वर्षांची होती, भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावायचं काम करायची. गिरणीत तिच्या विभागातल्या मोठ्या मुली जावं की न जावं यात अडकल्या होत्या. तुम्ही या किंवा नका येऊ, मी चालले, असं म्हणून ती निघाली आणि मागे सगळी रांग निघाली. तिची आई विधवा होती, कंपनीचीच खाणावळ चालवत होती. पुढे कंपनीनं त्या आईला काढून टाकलं. मोठ्या मुली तुझ्या हातात नव्हत्या, पण ही तर तुझी लेक होती, असं तिला ऐकवण्यात आलं. राहतं घर आणि रोजगार एकाच मालकाच्या हाती असले की काय होतं, ते या एका घरात दिसतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. इथला कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या हातून येत होता, आणि लॉवेलचं जाडंभरडं कापड त्याच गुलामांच्या अंगावर जात होतं. गिरणीतल्या काही मुली गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्या करत होत्या, तेव्हा त्यांच्या हातातलं सूत त्याच मळ्यांतून आलेलं होतं.

१८४५ मध्ये गिरणीकामगार सारा बॅगली आणि तिच्या सोबतिणींनी दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्यांचे अर्ज राज्याच्या विधिमंडळात नेले. साक्षी झाल्या, समितीनं ऐकून घेतलं आणि कायदा करणं आपलं काम नाही, असा निकाल दिला. त्याच दशकात एकेका बाईकडे जास्त माग आले, यंत्रांचा वेग वाढला. शेतकऱ्यांच्या मुली परतू लागल्या आणि त्यांच्या जागी दुष्काळातून पळून आलेली आयरिश कुटुंबं आली. आयरिश मुलगी आपल्या आईबापांबरोबर भाड्याच्या खोलीत राही. तिच्या बापाचा विश्वास कंपनीला मिळवायचा नव्हता, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. खाणावळींची गरज घटत गेली आणि कंपन्यांनी त्यांतून हळूहळू अंग काढून घेतलं. बायका-मुलांसाठी दहा तासांचा कायदा राज्यात झाला तो १८७४ मध्ये, आणि त्याचा लाभ मिळाला तो ज्यांच्यासाठी कंपनीनं खाणावळी बांधल्याच नव्हत्या त्यांच्या लेकींना.