पायातलं कडं

[पहाट. बांधावरचा रस्ता. धुकं.]

राजस्थानातल्या भरतपूरची ही पहाट. थंडी बोटांत शिरते आहे. समोर काहीच दिसत नाही, पण ऐका. ही शीळ अडई बदकाची. मागून येणारी भसाडी हाक वारकऱ्याची. कपाळावर पांढरा टिळा म्हणून आपल्याकडे या पक्ष्याला वारकरी म्हणतात. इथले लोक या जागेला नुसतं 'घना' म्हणतात. सरकारी कागदांवर केवलादेव राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र जेमतेम 29 चौरस किलोमीटर, आणि पक्ष्यांच्या जाती साडेतीनशेहून जास्त.

[धुकं विरतं. पाण्यातल्या बाभळी, चित्रबलाकांची घरटी.]

हे पाणी आपोआप साचलेलं नाही, ते माणसानं आणलेलं आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पावसाळी पाणी अडवायला अजान बांध घातला गेला, तो महाराजा सूरजमलच्या काळात. हे नाव मराठी माणसाला परकं नाही. पानिपतावरून वाताहत होऊन परतणाऱ्या आपल्या लोकांना याच जाट राजानं अन्न दिलं, आसरा दिला. त्यानं अडवलेल्या पाण्यावर ही पाखरं पिढ्यान्‌पिढ्या जगली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

[पाण्याची झडप उघडते. पाण्याबरोबर वाहत येणारी माशांची पिल्लं.]

पावसाळ्यात बांध भरायचा, मग कालव्यानं पाणी घन्यात सोडायचे. त्याबरोबर माशांची पिल्लं यायची आणि त्यांच्यामागे बगळे, पाणकावळे, बलाक. तळं छोट्या छोट्या भागांत वाटलेलं आहे. प्रत्येक भागाला बांध, प्रत्येक बांधाला झडप. एका भागात गुडघाभर पाणी, शेजारच्या भागात कमरेएवढं. बुडी मारणाऱ्या बदकांना खोल पाणी लागतं, शेकाट्याला नुसता ओला चिखल पुरतो. ज्यानं हे आखलं त्याला पाखरांच्या सवयी तोंडपाठ असणार.

आखलं होतं ते शिकारीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानानं या पाणथळीला बदकांच्या शिकारीची जागा म्हणून आकार दिला. बंदूकवाल्यांसाठी आडोसे बांधले, तिथवर जायला बांधावरून रस्ते काढले. आज आपली सायकल-रिक्षा चालली आहे ती त्याच बांधांवरून.

[केवलादेवाचं देऊळ. शेजारचा दगडी फलक. कॅमेरा अक्षरांवरून सावकाश सरकतो.]

देवळाजवळचा हा फलक बघा. तारीख, पाहुणा, मारलेले पक्षी, बंदुका. एखाद्या दुकानाच्या वहीसारखी नीट ओळीनं केलेली नोंद. 1902, लॉर्ड कर्झन. पुढे चेम्सफर्ड. आणि ही ओळ. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. 39 बंदुका. 4,273 पक्षी.

हा आकडा एका दिवसाचा आहे.

[फलकावर बोट फिरवणारा हात.]

हे बोट आमच्या रिक्षावाल्या भाऊंचं. अक्षरं इंग्रजी आहेत, पण त्यांना सगळ्या ओळी पाठ. दिवसातून चार वेळा पर्यटकांना वाचून दाखवतात, आणि दर वेळी 4,273 वर बोट क्षणभर थांबतं. त्यांच्या गळ्यात दुर्बीण आहे. पक्ष्यांची नावं ते हिंदीत सांगतात, इंग्रजीत सांगतात, आणि दुर्बिणीला डोळा लावायच्या आधी नुसत्या उडण्यावरून सांगतात.

1956 साली इथे अभयारण्य झालं. पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली त्यासाठी झटले. ते स्वतः लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचे. गळ्यावर पिवळा डाग असलेली अशीच एक चिमणी हातात घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले होते, ही कोणती म्हणून विचारायला. अभयारण्य झाल्यावरही राजघराण्याचा शिकारीचा हक्क राहिला होता, तो गेला 1972 मध्ये.

[रात्र. विजेऱ्यांचा उजेड. पाण्याच्या कडेला जाळी.]

आता या चित्रणातला सगळ्यात मोलाचा भाग. पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम.

सोसायटीनं हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं 1960 च्या आसपास. पक्ष्यांमार्फत रोग पसरतात का, हे जागतिक आरोग्य संघटनेला तपासायचं होतं. त्यासाठी हजारोंनी पक्षी हवे होते, आणि तेही जिवंत, पंखाला धक्का न लागलेले. शास्त्रज्ञांना ते जमणारं नव्हतं. ते ज्यांना जमत होतं त्यांना बोलावलं गेलं. बिहारचे मीरशिकार, पिढ्यान्‌पिढ्या पाखरं धरून विकणारे लोक. अली हुसेन हे त्यांतलं सगळ्यात गाजलेलं नाव. कोणतं बदक कोणत्या वाऱ्याला कुठे उतरेल, जाळं कुठे लावायचं, हे त्यांना ठाऊक होतं. पक्षीशास्त्राच्या इतिहासात या माणसांना मिळाली त्यापेक्षा कितीतरी मोठी जागा मिळायला हवी होती.

[अगदी जवळून : दोन हात, एक बदक.]

हा तलवार बदकाचा नर. डोकं चॉकलेटी, मानेवरून वर चढलेली पांढरी रेघ, शेपटी टोकदार. डोळ्यांवर फडकं टाकलं की धडपड थांबते. आता पिशवीत घालून काट्याला लावलंय. मग पंखाची लांबी, चोच, पाय. तो अंगठा बघा. छाती दाबली जाणार नाही इतका सैल आणि सुटणार नाही इतका घट्ट. आता अॅल्युमिनियमचं कडं. पक्कडीत धरून पायाभोवती मिटवायचं, दोन टोकं बरोबर जुळवायची, मग बोटानं फिरवून बघायचं. ते सहज फिरलं पाहिजे. अडकलं तर पाय जायचा.

कड्यावर एक क्रमांक आहे आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा, एवढा निरोप.

हा निरोप वाचला कुणी? बहुतेक वेळा शिकाऱ्यांनी. तिकडे सोव्हिएत देशांत कुणी बदक मारायचा, पायात कडं दिसायचं, आणि तो क्रमांक मुंबईला यायचा. आपली हिवाळी पाखरं उन्हाळ्यात कुठे जातात, हे आपल्याला असं कळलं. बंदूक चालवणाऱ्या माणसानं क्रमांक कळवायची तसदी घेतली म्हणून.

[जुनी छायाचित्रं : पांढरेशुभ्र क्रौंच.]

या फोटोंतले पाहुणे सायबेरियन क्रौंच. अंग पांढरं, तोंड लाल, पंखांची काळी टोकं फक्त उडताना दिसायची. ओब नदीच्या खोऱ्यातून निघून अफगाणिस्तानात थांबत ते घन्यात यायचे आणि चिखलात चोच खुपसून मोथ्याचे कंद उकरायचे. 1960 च्या दशकात दोनशेच्या आसपास होते. वाटेवरच्या शिकारीनं ते संपत गेले. 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली.

[उद्यानाची भिंत. पलीकडे म्हशी.]

1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि गावच्या म्हशींना आत यायला बंदी झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. नंतर सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून दिसलं की पाण्यावर माजणारं गवत म्हशीच खाऊन आटोक्यात ठेवत होत्या. म्हशी गेल्या आणि गवतानं पाणी झाकलं.

[डोक्यावर भारे घेतलेल्या बाया.]

नंतर याच गावांतल्या लोकांनी आत येऊन उद्यानात माजलेली विलायती बाभूळ मुळासकट उपटली आणि सरपण म्हणून नेली. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुन्हा पाणी पसरलं. हे पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं असतं तर! गुराखी, जाळंवाला, रिक्षावाला, ही माणसं पाखराला रोज बघत आली आहेत. ती भिंतीबाहेर राहिली की आत पाखरू एकटं पडतं.

[पुन्हा पहाट. तोच हात, तेच बदक.]

नोंदवही मिटली. फडकं काढलं. तलवार बदकानं एकदा मान फिरवून पाहिलं. हात पाण्याजवळ नेला, बोटं उघडली.

[बदक पाण्यावरून थेट वर झेपावतं. कॅमेरा मागे राहतो. फक्त पंखांचा आवाज.]