कार्ड हरवलं? आधी देवघेवीच्या टेबलापाशी या

श्रोतेहो, नमस्कार. गेली 22 वर्षं मी तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसतो. या टेबलापाशी लोक दोन कारणांनी ओशाळून येतात. एक तर पुस्तक परत करायला उशीर झालाय म्हणून, नाहीतर कार्ड हरवलंय म्हणून. उशिराचं सोडा, दंड भरला की ते मिटतं. आज कार्डाबद्दल बोलतो.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ सपत्नीक आले. शर्टाच्या खिशातलं कार्ड शर्टाबरोबर धुतलं गेलं होतं. त्याचा वाळलेला लगदा त्यांनी रुमालात बांधून आणला होता. "सभासद क्रमांक लागतो का बघा." लागला नाही, शेवटचा सात तेवढा दिसत होता. मी नोंदवही काढली, नावावरून क्रमांक पाच मिनिटांत सापडला. पण कार्ड नाही तर कुठल्या तोंडानं यायचं, म्हणून ते तीन महिने फिरकलेच नव्हते!

आमच्याकडे अजून जुनीच पद्धत आहे. वाचकाचं कार्ड म्हणजे जाड कागदाचं छोटं पाकीट. तुम्ही पुस्तक नेलंत की त्या पुस्तकातलं बुककार्ड, म्हणजे पुस्तकाच्या नावाचं छोटं कार्ड, काढून आम्ही या पाकिटात सरकवतो आणि ती जोडी परतीच्या तारखेमागे ट्रेमध्ये उभी करतो. 1895 साली अमेरिकेत नीना ब्राऊन या ग्रंथपाल बाईंनी काढलेली ही युक्ती. म्हणजे तुमच्या हाती एक तर पुस्तक, नाहीतर कार्ड. आता बघा, हरवलेलं कार्ड ज्याला सापडेल तो तुमच्या नावावर पुस्तक नेऊ शकतो, आणि ते पुस्तक आम्ही मागणार तुमच्याकडे. म्हणून हरवल्याचं त्याच दिवशी कळवा. आमच्याकडे फोनही चालतो. मग साधा अर्ज, एक फोटो आणि किरकोळ शुल्क भरून दुबार कार्ड मिळतं. शुल्क ज्या त्या वाचनालयाचं वेगळं. पुढे जुनं कार्ड गादीखाली सापडलं, तर तेही आणून द्या. दोन-दोन कार्डं बाळगू नका.

नूतनीकरणाची गोष्ट निराळी. तिथे गोंधळ होतो तो अनामत आणि वर्गणी यांत. अनामत एकदाच भरायची, सभासदत्व सोडताना ती परत मिळते. तिची पावती मात्र रेशनकार्डाइतकी जपा. वर्गणी भरत राहावी लागते. ती थकली की काही ठिकाणी अनामतीतून वळती होते, आणि अनामत संपली की नाव कमी होतं. मुलाकडे परगावी सहा महिने जाणार असाल, तर पुस्तकं जमा करून तसं लेखी द्या.

आणखी एक, थोडं आमच्या स्वार्थाचं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, आणि अनुदान वर्गाप्रमाणे. वर्ग ठरवताना सभासद किती हेही पाहतात. तेव्हा तुमची थकलेली वर्गणी आम्हाला फक्त तुमच्यापुरती महाग पडत नाही.

वर्तमानपत्र वाचायला कार्ड लागत नाही बरं का. त्यासाठी कधीही या.

त्या गृहस्थांना दुबार कार्ड करून दिलं, जुनाच क्रमांक घालून. ते खिशात ठेवायला गेले, तोच मागून वहिनींचा हात पुढे आला. "इकडे द्या ते."